पाच फुटी तेजोमेघ

१२ फेब्रु., गुरु. अकोला
दुर्बिणीचा कॅमेरा खरा केवढ्यात पडला ते लिहून ठेवतो. बिल सोडून. दोन सीझनचे सगळे रविवार. बायकोची, मालतीची, ठरलेली काश्मीर ट्रिप. दुर्बीण उचलून उचलून डावा खांदा. आणि अमरावतीच्या आकाश निरीक्षण मंडळात सरांशी वाकडं. सर पुण्याचे, निवृत्त प्राध्यापक; मी मोटरी भरणारा. म्हणाले, "मोटर वाइंडिंग वेगळं, हे वेगळं." मीही सगळ्यांदेखत सांगून आलो, वीस मेगापिक्सेल आहे, प्रदर्शनात पाच फुटी फ्लेक्स लावतो! रविवारी, २२ ला. एक भिंत माझी. फोटो जमला नाही तर भिंत सरांकडे परत.

१४, शनि. हिवरखेड, साळ्याचं शेत
मृगातला तेजोमेघ घेतला. साठ फोटो. तारे भिजल्या पोह्यासारखे फुगलेले, मेघ रव्यासारखा दाणेदार. सरांना पाठवला. लगेच फोन, "ट्रॅकिंग गंडलंय. तुमची मोटर तपासा."
दुर्बीण ताऱ्यांमागं फिरवणारी, माझी मोटर! कान लावला. एकसारखी घरघर, कुठं अडखळत नाही. तीस वर्षं बेअरिंग कानानं ओळखतो. मोटर नाही.
मग काय...

१६, सोम. दुकान
तेल्हाऱ्याचे गिरधरभाऊ जळकी मोटर घेऊन आले. दुसरीकडं भरलेली, नेमापेक्षा बारीक तार. मी तडकलो, "बारीक म्हंजे भारी नसते भाऊ! मोटर पाहून तार घ्या लागते."
मालती डबा घेऊन मागं उभी. "मंग तुमी कॅमेरा काय पाहून घेतला?"
सगळ्यात बारीक पिक्सेल पाहून घेतला होता.

१७, मंगळ.
मांडलं. पिक्सेल २.४ मायक्रॉन, गुणिले २०६, भागिले दुर्बिणीची फोकल लांबी २००० मिमी. एका पिक्सेलात कोनाचा पाव सेकंद (वेळेचा नव्हे; अंशाचा छत्तीसशेवा भाग तो सेकंद). इकडच्या हवेत तारा थरथरून तीन सेकंदांचा होतो. म्हणजे बारा पिक्सेल रुंद. उजेड तेवढ्यात वाटला जातो. पोहे फुगणारच.
सरांचा फोन. "भिंत सोडताय ना?"
"नाही सोडत, सर. मोटर ठीक आहे. चूक माझी आहे, मीच काढतो."

१९, गुरु. हिवरखेड
दुसरा कॅमेरा घेणार नाही. जाड तार नसली की बारीक तारेचे पदर सोबत घेऊन भरतो, तेच केलं. चार बाय चार, सोळा पिक्सेलांचा एक. आता एकात पुरता एक सेकंद. दाणा गेला. मेघाचा फिका पंख बाहेर आला, तो आधी दिसतच नव्हता.
मालती स्क्रीनवर वाकून, "आता तारा टिपक्यावानी दिसून राह्यला बाप्पा!"
काश्मीरचा विषय मीच काढला. तिनं नाही.

२२, रवि. अमरावती
भिंत सोडली नाही. सर चष्मा काढून भिंतीला नाक लावून उभे आहेत. पाच मिनिटं झाली.
सोळाचा एक केला की वीस मेगापिक्सेलचे सव्वा उरतात. छापणारा म्हणाला, यापेक्षा मोठा केला तर चौकोन दिसतील.
फोटो पोस्टकार्डाएवढा आहे.