अडतीस फाइली, सगळ्या सेम

सर, देवरीत हायवेला लागून तुमचा कॉम्प्युटर क्लास होता, त्या इमारतीत आता टायरचं दुकान आहे. मागच्या महिन्यात बस तिथेच थांबली, तेव्हा मी मान फिरवून घेतली. तुमच्याकडे मी शिकले, मग तुमच्याकडेच शिकवायला लागले, आणि दुपारचा भात काकूंच्या स्वयंपाकघरात दोन-दोनदा मागून खाल्ला. एवढं खाऊन मी तुमचं काय केलं, ते आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे आता लिहायला धीर होतो. जिवंत होता तेव्हा झाला नाही.

त्या वर्षी आमच्या गावाचे वनहक्काचे दावे भरणं चालू होतं. जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारी अडतीस घरं, एका घराची एक फाइल. नाव, जमीन किती आणि चारी बाजूंच्या सीमा. समितीची माणसं तुमच्या समोर बाकावर बसत आणि तुम्ही विचारून विचारून टाइप करत होता. पूर्वेला काय आहे? नाला आहे जी. मग नाला. सगळं झाल्यावर वरच्या ऑफिसातला म्हणवणारा एक माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात जंगलात फिरायचे जाड बूट, बोलणं एकदम गोड. "ऊपर से चेक करवा के लाता हूँ, सरजी," म्हणत फाइलींची सीडी घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आणली आणि म्हणाला, "वैसा का वैसा है. बस, प्रिंट इसी का निकालना."

तुम्हाला तो आवडला नव्हता. तो खाली उतरला तसं तुम्ही मला म्हणालात, "पोरी, आपला फोल्डर अन्‌ याचा फोल्डर, दोनी मिळवून पाह्य. एक शब्द इकडचा तिकडं झाला तं मले सांग." दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, अंगठे लागणार होते. चारला लाइट जाणार, त्याआधी प्रिंट काढायच्या. एकेक फाइल वाचायची तर दिवस गेला असता. मी तेव्हा नुकती सी भाषा शिकले होते आणि अंगात भारी हुशारी संचारली होती. म्हटलं, वाचत कायले बसू, सर, प्रोग्रामच लिहिते. तुम्ही हसलात. "लिव मंग."

प्रोग्राम अगदीच बाळबोध. दोन्ही फोल्डरांच्या याद्या घ्यायच्या, ओळीला ओळ लावायची, जुळली तर 'सेम', नाही तर 'वेगळं'. मी खिडकीशी बसले आहे, खाली त्याची जीप उभी आहे, आणि तो टपरीवर चहा पीत मधूनच मान वर करून आमच्या खिडकीकडे बघतो आहे. घाई नाही, काळजी नाही, नुसता बघतो आहे. माझ्या पडद्यावर सेम, सेम, सेम उतरत जातं. अडतीस वेळा. तुम्ही आत आलात. "काय वं, फाइली उघडून पाह्यल्या ना?"

"हो जी, सर. सगळ्या सेम."

एकही उघडली नव्हती. प्रोग्रामनं नुसती फाइलींची नावं जुळवली होती. दोन पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आतला धान एकच म्हणावा, तसं.

ग्रामसभेत तुम्ही उभं राहून सांगितलंत, "आपल्या पोरीनं मशीनवर तपासलं आहे, बिनघोर अंगठे लावा." अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसत लोक घरी गेले. संध्याकाळी तुम्ही मला पेन ड्राइव्ह बक्षीस दिलात. माझ्या पहिल्या प्रोग्रामचं कौतुक म्हणून मी दोन्ही फोल्डर मशीनवरून उचलून त्यातच ठेवून दिले.

दीड वर्षानं गावात तारेचं कुंपण आलं, मग मशिनी आल्या. अकरा घरांच्या कागदावर पूर्वेला नाला नव्हताच, बोडी होती. बोडी, म्हणजे शेतातलं ते लहान तळं, नाल्याच्या बरंच अलीकडे. मधला पट्टा, त्या अकरा घरांची धानाची बांधी, दाव्याबाहेर गेला. आता तिथे गिट्टीची खदान आहे. तक्रार घेऊन गेलेल्यांना एकच उत्तर मिळालं: अंगठे तर तुमचेच आहेत. मग ते तुमचा जिना चढून आले. कुणी आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "सर, हे तुमीच लिवलं ना जी?" तुम्ही कागद बघितला आणि म्हणालात, "माजाच हात चुकला असंल." माझं नाव तुम्ही घेतलं नाही. मी दारात उभी होते आणि मीही घेतलं नाही.

त्यानंतर आमच्या गावचं एकही पोर क्लासला आलं नाही. एकदा मी आले तेव्हा तुम्ही एकटेच मशीनसमोर होता आणि पानभर एकच ओळ टाइप केली होती, पूर्वेला नाला, पूर्वेला नाला. हात कुठे चुकतो ते बघत होता. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. मौतीला आमच्या गावातून फक्त मी होते. काकू माझ्याच गळ्यात पडून रडल्या.

नागपूरला नोकरी लागल्यावर मी तो प्रोग्राम नीट लिहिला, प्रत्येक फाइल उघडून आतलं वाचणारा, आणि पेन ड्राइव्हवर चालवला. तुमच्या फोल्डरात अकराही ठिकाणी नाला आहे. तुमचा हात चुकला नव्हता, सर. मी पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

परवा समितीच्या अध्यक्षकाकांचा फोन आला. खदान वाढणार आहे, उरलेल्या सत्तावीस घरांचे कागद पुन्हा होणार आहेत, तोच बूटवाला घरोघर फिरून राहिला आहे. "तुया सरनं आमाले धोका देल्ला," काका म्हणाले. "तू शिकलेली हायेस, आपली हायेस. शुक्रवारी कागद येतेत, तू मशीनवर तपासून दे. तू हो म्हनशील तं आमी अंगठे लावू."

मी हो जी म्हटलं.

त्या दुपारचं एक अजून राहिलं आहे, सर. माझा पहिला प्रोग्राम नुसती नावं बघत नव्हता, फाइलींची साइजही बघत होता, आणि त्यानं अकरा वेळा 'वेगळं' दाखवलं होतं. चारला वीस मिनिटं कमी होती, जिन्यावर तुमचा पाय वाजत होता. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, आता हसं होईल. म्हणून मी साइजची ओळ खोडली.