गिरणीतला कॅप्टन

आयोवा, ४ एप्रिल १८८३

चि. लोविना हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

आपल्या गावात उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात पडलेल्यांच्या नावांची शिळा उभी राहणार, असं कळलं. माझ्या असाहेलचं नाव तीत नसणार. ओढ्यावरच्या लढाईनंतर फौजेच्या वहीत त्याच्यापुढे 'पळाला' असं लिहिलंय ना! वीस वर्षं मी पळपुट्याची बायको आणि मर्सी पळपुट्याची लेक. पडताना पाहिलं, अशी अधिकाऱ्याने शपथ घेतली तर नाव कोरतील म्हणे. त्याचा कॅप्टन स्पॉल्डिंग तिथेच वकिली करतो. जा त्याच्याकडे, पण जिभेला आवर घाल बाई.

तुझी ताई,
थर्झा

ओहायो, २६ एप्रिल

ती. ताईस लोविनाचा सा. न. वि. वि.

तिथे आवर घातला, इथे घालणार नाही. वकील, कॅप्टन, नगराध्यक्ष आणि आता विधानसभेचा उमेदवार, एवढं सगळं एका खुर्चीत मावत नाही. भिंतीवर तलवारीसकट स्वतःचीच तसबीर. मतांसाठी तीच घरोघर वाटतोय. म्हणाला, बाई, फार धूर होता, खोटी शपथ वकिलाला शोभत नाही. आणि हाच दरवर्षी तीस मेला, सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, व्यासपीठावरून सांगतो, की गुडघाभर पाण्यात उभा होतो, पडलेला प्रत्येक चेहरा आजही दिसतो! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पलटणीचा म्हातारा स्वयंपाकी भेटला. त्याने सांगितलं, लढाईभर हा शूर कॅप्टन गिरणीत पिठाच्या पोत्यांमागे पोट धरून बसला होता. संध्याकाळी हजेरीला जो दिसला नाही, त्याच्यापुढे यानेच 'पळाला' लिहिलं. चोराच्या उलट्या बोंबा!

तीस मेला मी पहिल्या बाकावर बसणार आहे. लोभ आहेच, आशीर्वादही दे.

लोविना

ओहायो, ३१ मे

ती. ताईस सा. न.

काम फत्ते! भाषणात तो 'प्रत्येक चेहरा'पाशी आला आणि मी उभी राहिले. असाहेलचा दिसतो का, म्हणून भर सभेत विचारलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. नाही म्हणावं तर वीस वर्षांची भाषणं बुडतात. त्याने रुमाल काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, माझ्या शेजारीच पडला, शूर पोरगा. न्यायाधीश शेजारी होते, शपथेचा कागद माझ्या पिशवीत होता. बायबलवर हात ठेवून सही केली मेल्याने! असाहेलचं नाव कोरणार. लोक टाळ्या वाजवत होते, मी कागद उचलून चालू लागले.

तुझीच,
लोविना

आयोवा, १७ जून

चि. लोविना हिस आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. मग त्या माणसाची किळस आली. त्याच्याच खोट्याने नाव गेलं, त्याच्याच खोट्याने परत आलं. असाहेलला पडताना खरं कोणी पाहिलं, ते देवालाच ठाऊक.

मर्सीने विचारलं, बाबांना कोणी पाहिलं? कॅप्टनने, म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? पोर आयुष्यात पहिल्यांदा बापाचं नाव मोठ्याने घेत घरभर फिरली. आता म्हणते, त्या भल्या माणसाची तसबीर बाबांच्या शेजारी लावायची.

खिळा मी ठोकलाय. तो घरोघर वाटतोय त्यातली एक पाठव.

थर्झा