करवतीवरचे तीन पट्टे

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ डिसेंबर २०२४

ति. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. तुमच्या मनगटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज हातानं लिहायला सांगितलंय. उत्तर द्यायचं म्हटल्यावर तरी पेन धराल.

तुमची करवत न विचारता धारेला आणली, त्याचा राग असेल. पण दोन वर्षं ती खुंटीवर आणि तुम्ही कट्ट्यावर. कुणी काम घेऊन आलं की परत पाठवता. करवत गंजली, आता मीबी सुटलो, असं अव्वाला म्हणालात, ते मला सहन झालं नाही.

आमच्या गल्लीत लालसाबचाचा करवतींना धार लावतात. त्यांनी गंज घासला तर पात्यावर तीन आडवे, खड्डे पडलेले पट्टे निघाले. ही कुणाच्या तरी हाताची बोटं आहेत, असं ते म्हणाले. तेव्हा उमगलं. खांडेनवमीला, हत्यारांच्या पूजेत, अव्वा करवतीला तीन बोटांनी ओली विभूती लावते. पूर्वी दसऱ्यानंतर करवत लाकडात चालली की ती पुसून जायची. काम थांबलं, विभूती राहिली आणि तिच्याखालचं पातं गंजत गेलं. आपण कायक मानणारी माणसं. काम हीच पूजा, हे आपल्याच घरात विसरावं?

पट्टे दातांपर्यंत आलेत. धार लावण्याआधी दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवावे लागतात. त्यात ओळीनं चार-पाच तुटले तर करवत गेली, असं चाचा म्हणाले. काळजी वाटते.

लोभ आहेच, तो रागातही ठेवावा.
आपली लेक महेश्वरी

वळसंग
७ डिसेंबर

चि. महेश्वरीस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर कोंबडीनं उकरल्यागत आलंय, हसू नको. तुजं पत्र मोठ्यानं वाचलं, तितंच चुकलं. करवत मीच मारली, असं म्हणत तुजी अव्वा रडाय लागली. माझा हात बरा व्हावा म्हणून ती दोन वर्षं लई जाड विभूती लावत व्हती. मला हे आजच कळलं. तू आमच्या घरातली पहिली बी. ए., पण भाषण कॉलेजात ठेव. तिला आधी चार गोड शब्द लिही.

लालसाबला सांग, दात एका दमात वाकवू नको. थोडा वाकव, थांब, मग परत.

खरं सांगू का, करवत गेली तर बरं, असंच वाटायचं मला. मग हात चालतो का न्हाय, हे बघायची पाळीच आली नसती. आता मात्र जीव टांगणीला लागलाय. लवकर कळव की.

तुजा अप्पा

सोलापूर
११ डिसेंबर

ति. अप्पा व अव्वा यांना,
सा. न. वि. वि.

अव्वा, आधी तुला. तू मायेनं केलंस आणि मी निबंध लिहिला. माझं भाषण मी मागे घेते.

अप्पा, करवत वाचली. दोनच दात तुटले, तेही लांब लांब. तुमची सूचना चाचांना सांगितली, तर म्हणाले, तेरे अप्पाकू बोल, पोस्टानं कानस मारू नको. मग त्यांनी फळी कापून दाखवली. काप सरळ आला. मला रडू फुटलं. डोळ्यात भुसा गेला असं समजून त्यांनी तांब्याभर पाणी पुढं केलं. मीही तसंच समजू दिलं.

पात्याला तेल लावून, जुन्या साडीत गुंडाळून गावाकडं निघालेल्या बिरप्पामामांबरोबर पाठवते आहे. तुम्ही ती हातात घ्यालच, असा हट्ट करत नाही. पण वाट बघते.

दोघांच्या मायेची भुकेली,
महेश्वरी

वळसंग
१५ डिसेंबर

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

करवत पोचली. दोन दिस तिला हात लावला न्हाय. आज सकाळी अव्वानं कडुलिंबाची फळी आणून माझ्याम्होरं टाकली आन् दुसऱ्या टोकावर पाय देऊन हुबी राहिली. करवत उचलली, अर्ध्यापतूर रेघ सरळ आली. मग मनगट भरून आलं, करवत भायेर पळाय लागली. ठेवून दिली. अव्वा पाय काढंना. म्हणून परत धरली.

फळीचा तुकडा पडला तवा शेजारची नागव्वा पाणी भराय आली व्हती. नव्या सुनेला पोळपाट करून देशील का, म्हणाली. काम घिऊन येणाऱ्यांना मी काय सांगतो, तुला ठाऊक हाय.

परवा येऊन घिऊन जा, म्हणून सांगितलं.

तुज्यावर जीव हायच.
अप्पा