तुझा उपाय लागू पडला, मावशी

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा हा साष्टांग खुर्चीत बसूनच घातला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? माझी खुशाली विचारशील तर जिवंत आहे. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग तुला ठाऊकच आहे. शिंपी, आया, ड्रायव्हर, दिवसभर राबून आलेली मोठी माणसं. वर्षभर सगळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. प्राचार्य वर्ग बघून मगच मला कायम करणार होते, म्हणून मी तुझ्यापुढे गळा काढला. तू (एवढी शाळा चालवलेली बाई, तुझं नाही ऐकायचं तर कुणाचं?) म्हणालीस, पुस्तक मिटव, त्यांना रोज लागतं तेच नाटकासारखं करून घे. आता त्यांना रोज लागतं काय? तक्रार करायला! मग मी समोर उभी राहायची, कधी घरमालक होऊन, कधी लाँड्रीवाली, आणि त्यांनी मला इंग्रजीतून फैलावर घ्यायचं. वर्ग असा रंगला म्हणून सांगू! माणसं घरी जायचं नाव घेईनात.

परवा प्राचार्य आले. मागच्या बाकावर बसले आणि सहज इंग्रजीतून विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? झालं! समोर मी उभी, म्हणजे गुन्हेगार मीच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. पहिला उठला आमचा मौनीबाबा, म्हणजे खाणावळीतला आचारी, जो नाटकातही नुसती मान हलवायचा. म्हणाला, बाई रोज उशिरा येतात. मग आयाबाई म्हणाल्या, बाई शिकवता शिकवता फोनवर बोलतात. शिंपीदादांनी तर पंखा, फळा आणि माझं अक्षर, तिन्हींचा समाचार घेतला. आणि सगळं अस्खलित, वर प्रत्येक वाक्याला 'प्लीज' लावून! मेल्यांनो, आज तरी चुका रे, असं मनातल्या मनात विनवत होते मी. एक जण चुकेल तर शपथ. मौनीबाबाचं वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी आलं. ते कौतुकाचं की नोकरी चालल्याचं, देव जाणे.

प्राचार्यांनी शेरा मारला: शिकवणं उत्तम, शिक्षिकेची चौकशी व्हावी. मी कपाळाला हात लावून बसले आहे.

तुझी अभागी भाची

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. चौकशी संपेपर्यंत दुसऱ्या कुणी वर्ग घेतला नाही, तर तो कायमचा बंद होणार. तेवढे दिवस येशील? माझं जे व्हायचं ते होवो, पण माणसं आत्ता कुठे बोलायला लागलीत गं.

आणखी एक. तू येतेयस असं मी वर्गाला सांगूनही टाकलंय. कालपासून तुझ्याविरुद्धच्या तक्रारींची तालीम सुरू आहे. तू अजून निघालीसुद्धा नाहीस, पण तुला उशीर झाल्याची वाक्यं सगळ्यांची तोंडपाठ आहेत.