लिंबू काही थांबत नाही

राळेगावजवळ, मंगळवार, संध्याकाळ

आमचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, अजून डावीकडे कललेलाच. उतारावर सुनंदाला चक्कर येते. असंच राहिलं तर उद्या एसटीनं परत जाईन, असं तिनं सांगितलंय. सहलीचा हट्ट माझा होता.

चाकाखाली फळ्या घातल्या, सपाट झालं का बघायला आत फरशीवर लिंबू ठेवलं. थांबलं. चहा होईस्तोवर पुन्हा घरंगळलं. तीनदा तेच.

शेतमालक नामदेवभाऊ बांधावरून बघत होते. "साहेब, लिंबाले इचारून राह्यले, मले इचारा ना. ओली काळी माती हाय, फळ्या गिळते. आमची बैलबंडी फसली का आमी चाकाखाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या टाकतो. आणू का?"

मी नको म्हणालो. का? आयुष्यभर लोकांना विचारूनच तर बातम्या लिहिल्या.

मघाशी पाहिलं तर लिंबू जागेवर नाही. सुनंदा डोळे मिटून पडलेली. "अहो, आता सरळ वाटतंय. पाठ टेका जरा." एका हातानं पलंगाची कड घट्ट धरलेली, दुसऱ्या मुठीत लिंबू.

अजून थोडा उजेड आहे. हे लिहीत बसलो तेही जाणं टाळायलाच. पऱ्हाट्या मागायला निघतो.