रुपयाखाली झाकतील अशी पाच भोकं

६ सप्टेंबर २०२०
आजपासून रोज लिहायचं. वृंदाचे बाबा, रिटायर्ड सुभेदार मोहनराव, यांनी मायदेशातून व्हिडिओ कॉलवर अट घातली. पाच गोळ्या मार, निशाण्याचा कागद दाखव. पाचही भोकं रुपयाखाली झाकली तर लग्नाचं बोलू. हो म्हणालो. इथल्या नेमबाजी क्लबच्या रायफलीवर नेम लागत नाही, कारण ती क्लबची आहे. स्वतःची बनवून घेतोय.

११ ऑक्टोबर
मधे लिहायचं राहिलं. वेअरहाउसची शिफ्ट. रायफल आली! दस्ता माझ्या गालाच्या मापाचा. बनवणारा डेक्लन म्हणाला ग्रँड आहे, पण आधी क्लबच्या रायफलीवर हात बसव. तीस वर्षं बंदुका बनवतोय, पण त्याला काय कळतंय.

२५ ऑक्टोबर, दसरा
लॉकडाऊन. रेंज बंद. शस्त्रपूजा मात्र जोरात. हळदकुंकू, अक्षता. दोन-चार नळीतही टाकल्या, वरून नारळाचं पाणी. आशीर्वाद आतूनही पाहिजे. घरमालकीण नेत्रावहिनी विचारत होती, कार्पेट कोण पुसणार. सुभेदारांना फोटो पाठवला. उत्तर एवढंच: “नळी पुसून ठेव.”
तीर्थ पुसायचं? फौजेत राहून माणूस नास्तिक होतो. पहिल्या गोळीपर्यंत हात लावणार नाही.

१७ नोव्हेंबर
काडतुसं भरायचं लायसन डेक्लनकडे. मी घरी रिकाम्या पितळी केसेस वहिनीच्या केकच्या वजनकाट्यावर तोलतो. सारख्या वजनाच्या एका वाटीत, म्हणजे गोळ्या एकाच जागी लागतील. अशा तीन वाट्या झाल्या. संध्याकाळी वहिनीने तिन्ही एकत्र करून चिंचेने लख्ख घासल्या. या घरात विज्ञानाला किंमत नाही.

३ फेब्रुवारी २०२१
रेंज बंदच. झोप नाही, बसवत नाही. रायफलीची पेटी उघडतो, बघतो, लावतो. आतून आंबूस वास येतो. पूजेचाच असणार. वृंदा म्हणाली, बाबांनी दुसरं स्थळ काढलंय, इथल्याच मेनूथ विद्यापीठात पीएचडी करतो. करू दे. त्याच्याकडे रायफल आहे का?

१५ मे, रात्री
उद्या रेंज उघडणार. खिशात रुपया. फोन चार्जिंगला.

१६ मे
डेक्लनने नळीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पलीकडचं दिसत नाही म्हणाला. सळई घातली. गंज निघाला, मग एक पिवळा तांदूळ. तो तळहातावर घेऊन त्याने विचारलं, आत जेवण का ठेवलंस? नळी गेली कामातून.
क्लबची रायफल दिली. चार भोकं भाकरीखाली झाकतील. पाचवं शेजारच्याच्या कागदावर.
सुभेदारांचा व्हिडिओ कॉल. कागदाचं विचारलंच नाही. “पुसली होतीस?”
हो म्हणालो.
“मग कॅमेरा फिरव. नळी दाखव.”
नेटवर्क जातंय म्हणून कट केला.
वहिनीने जेवायला हाक मारली. भात नको म्हटलं.