पिवळ्या धातूचा हार, नग एक

३ फेब्रुवारी, मंगळवार. राजारामपुरी.
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो; पुढे स्मरणशक्तीवर विसंबणे नको.
(१) भाचीच्या मुलाच्या बारशासाठी थोरली बहीण अक्का व मी पंधरा दिवस मस्कतला होतो. (२) जाताना अक्काच्या गळ्यात तिचा कोल्हापुरी साज होता. (३) येतानाही तोच होता. (४) काल सकाळी ११ वा. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने तो उतरवायला लावला, तराजूवर ठेवला आणि बिल मागितले. (५) बिल नाही. दाजींची गुळाची पेढी. दर हंगामाला दोन-दोन पाने करीत त्यांनी साज पुरा केला. गुजरीच्या सराफ गल्लीतला कारागीर बिल देत नसे. (६) जाताना दागिन्याची नोंद करून दाखला घ्यायचा असतो. तो मी घेतला नाही.
सहाव्या मुद्द्याचा खुलासा: खिडकीपुढे रांग होती. सत्तरीच्या बाईच्या गळ्यातला झिजलेला साज कुणी शहाणा नवा म्हणणार नाही, असे माझे मत पडले. मत आजही तेच आहे.

४ फेब्रु., बुध.
काल अर्धेच लिहिले. उरलेले:
अधिकाऱ्यास सांगितले, मी चौतीस वर्षे धातुशास्त्र शिकवले आहे. साजाची पाने पातळ पत्र्याची असतात, आत लाख भरलेली. हे सारे वजन सोन्याचे नव्हे.
‘सर, तराजूला लाख कळत नाही. फोडून दाखवता का?’
अक्काने दोन्ही हात गळ्यावर धरले. साज तिथे नव्हताच.
मग त्याच्या सहकाऱ्याने मला बाजूला घेतले. ‘काका, कशाला ताणताय? साहेब चांगले आहेत. तुमच्या खुशीनं काय ते बघा.’ मी सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात विचारले, ‘खुशीची पावती मिळेल का?’ रांगेतले दोघे-तिघे हसले. अधिकारी हसला नाही. दहा मिनिटांत पावती हातात पडली, साज ताब्यात घेतल्याची. ‘पिवळ्या धातूचा हार, नग १.’ पाने एकवीस आहेत, तसे लिहा, म्हटले. लिहिले नाही.
गाडीत, कराड ओलांडल्यावर, अक्काचे मला एकच वाक्य: ‘तम्मा, लोकास्नी हसवायला बरं जमलं तुला.’

७ फेब्रु., शनि.
कस्टमला पहिले पत्र रवाना. चार पाने, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. एकही खाडाखोड नाही.
दु. गुजरीत. मूळ कारागीर वारला, मुलगा बसतो. लाखेचे प्रमाण लिहून द्या म्हणालो. ‘सर, त्ये कागदावर कोण लिवत हुतं? तुमच्या दाजींनी कवा इचारलं न्हाय, आमच्या बानं कवा सांगितलं न्हाय. इस्वास हुता की.’
विश्वास पत्राला जोडता येत नाही.

११ फेब्रु., बुध. मंगळवार पेठ.
अक्काकडे गेलो. दाजींना दिवाळीपासून पक्षाघात, दृष्टीही अधू. तरी बारशाला तिला त्यांनीच पाठवले, लेकीच्या घरी रिकाम्या गळ्यानं जाऊ नगंस म्हणून.
अक्का त्यांना उठवून बसवते तेव्हा साज त्यांच्या छातीला लागायचा. आज म्हणाले, ‘काय लागंना झालंय. साज कुठं हाय गं?’
अक्का, क्षणाचाही विलंब न लावता: ‘गुजरीत दिलाय, लाख भरायला.’ आणि माझ्याकडे पाहून: ‘व्हय की न्हाय रं तम्मा? तूच दिऊन आलास न्हवं?’
मी कुणाला अर्धा गुणही फुकट दिला नाही. ‘होय,’ म्हणालो.
‘पावती घेतलीस न्हवं, मास्तर?’
‘घेतली.’
एवढे तरी खरे होते.

१६ फेब्रु., सोम.
कस्टमच्या कार्यालयात फोन केला. ‘तुमचा अर्ज पुढे पाठवलाय.’ पुढे म्हणजे कुठे? ‘पुढे.’
अक्काचा मुलगा बसू आला. ‘मामा, वळखीत एक एजंट हाय. आठ दिवसांत साज घरात. फकस्त तुम्ही मधी पडू नगासा.’ मी पंधरा दिवस मागितले. भाच्याकडे मुदत मागण्याची ही पहिली वेळ. दुसरे पत्र पाठवले, प्रती वरिष्ठांना.

२२ फेब्रु., रवि.
अक्का स्वतः जिना चढून आली. दम लागला होता. पदर गळ्याभोवती घट्ट.
‘तुझं खरं हाय, तम्मा. ल्हानपणापास्नं तुझंच खरं हाय. पण साज माझा हाय.’
बसूला सांगितले, तुला योग्य वाटेल ते कर. योग्य हा शब्द नको होता. दुसरा सुचला नाही.

२६ फेब्रु., गुरु.
बसू परतला. एजंटाने हात वर केले. ‘त्यो म्हनतोय, पयल्याच दिवशी आला असता तर चहा प्यायच्या आत झालं असतं. आता सरांच्या पत्रांची फाइल झालीया. वरच्यांच्या सह्या पडल्यात. फाइल झाल्यावर कोन हात लावतंय?’
पत्रे पुन्हा वाचली. एकही चूक सापडली नाही.

१ मार्च, रवि.
दाजींचा आवाज आता पुरा उमटत नाही. ‘मास्तर, लाख भरायला म्हैना लागतो व्हय? कवा देतो त्यो? तारीख लिवून आण त्याच्याकडनं. तोंडी नगं.’ अक्का भिंतीकडे तोंड करून औषध मोजत होती.
घरी येऊन तिसरे पत्र लिहिले. एक पान. नक्कल ठेवतो:
‘महोदय, आधीच्या दोन्ही पत्रांतील सर्व मुद्दे कायम आहेत. मात्र खुशीच्या पावतीबाबतचे माझे त्या दिवशीचे वाक्य अनावश्यक होते. ते मी मागे घेतो. ज्यांनी हा साज केला ते गृहस्थ अंथरुणावर आहेत व तारीख विचारीत आहेत. मागील पत्रांतील इतर मागण्यांस उत्तर नसले तरी चालेल. एकवीस पानांचा तो साज कोणत्या तारखेस परत मिळेल, एवढेच कळवावे. तोंडी नको. लेखी कळवावे.’